शैवालांतील मातृवारसा

“खाण तशी माती” ही म्हण आपल्याकडे आबालवृद्धांच्या तोंडीं आहे. मूल आईबापांसारखें निपजतें हें सांगावयास शास्त्र नको. परंतु त्यांत आईचा वांटा किती व बापाचा किती, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. ग्रेगोर मेंडेल या ख्रिस्ती मठवाशानें मठाच्या बागेंत वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यावरून असें ठरलें कीं, उभयतांचा वांटा सारखाच असतो. पिवळ्या दाण्याच्या वाटाण्यास आई करावें व हिरव्या दाण्याच्या वाटाण्यास बाप करावें, किंवा याच्या उलट करावें. संतति दोन्ही वेळां एकाच प्रकारची होते. हा नियम पुढें इतक्या वनस्पतींत व प्राण्यांत खरा ठरला कीं, त्यास अपवाद असेल अशी शंकाही पुष्कळांस आली नाहीं. तथापि अपवाद आहे. आणि तो आपल्या बारामती-इंदापूर भागांत उंसाच्या पानापानांत व चारीच्या शेवाळांत भरून राहिला आहे. त्याचा संबंध केवळ विद्वानांच्या प्रयोगशाळेशीं नसून शेतांतील तणाशींही आहे. म्हणून त्याची ओळख आमच्या वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आपल्या परिसरांतील हिरवाईकडे पाहूं. नीरा नदीचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बारामतीच्या रानांस पाणी देत इंदापुराकडे वाहत आला आहे. या कालव्याच्या चाऱ्यांत पाणी संथ झालें कीं केसांसारख्या हिरव्या, बुळबुळीत तंतूंचे पुंजके तरंगूं लागतात. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस भीमा वाहते. तिच्यावर सोलापूर जिल्ह्यांत उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, व त्याचा फुगवटा पळसदेव, भिगवण या गांवांच्या बाजूस पसरला. उन्हाळ्यांत हें पाणी ओसरूं लागलें म्हणजे कांठचें उथळ पाणी कित्येकदां रंग कालविल्यासारखें हिरवें दिसतें. भिगवणास येणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या पंखांची गुलाबी छटासुद्धां मुळांत असल्या सूक्ष्म जीवांनीं तयार केलेल्या रंगद्रव्यांपासूनच आलेली असते.

हा हिरवा रंग वनस्पतीच्या अंगांत पाण्यांत मिसळलेल्या रंगाप्रमाणें सर्वत्र पसरलेला नसतो. वनस्पतीचें शरीर पेशींचें बनलेलें असतें, व प्रत्येक हिरव्या पेशींत कांहीं लहान हिरव्या पिशव्या असतात. त्यांस हरितलवकें म्हणतात. सूर्याचा प्रकाश, हवेंतील कर्बवायु व पाणी यांच्यापासून साखर बनविण्याचें काम यांच्यांत चालतें. बारामती व इंदापूर येथील कारखान्यांत उंसाच्या रसांतून साखर काढितात खरी. परंतु ती साखर प्रथम उंसाच्या पानांतील या सूक्ष्म कारखान्यांत तयार झालेली असते. माणसानें उभारलेला कारखाना ती केवळ वेगळी करितो.

आतां प्रश्न असा कीं, नव्या रोपास हीं हरितलवकें कोठून मिळतात? पेशी तीं नव्यानें घडवीत नाहीं. जुन्या लवकाचे दोन भाग होऊन नवीं लवकें होतात. म्हणजे तीं पिढीजात चालत आलेलीं असतात. मग तीं आईकडून येतात, बापाकडून येतात, कीं दोघांकडून?

या प्रश्नाचें पहिलें स्पष्ट उत्तर आपल्या परसांतील गुलबक्षीनें दिलें. कार्ल कोरेन्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गुलबक्षीचा एक विचित्र वाण होता. त्याच्या एकाच झाडावर कांहीं फांद्या हिरव्या पानांच्या, कांहीं पांढऱ्या पानांच्या, तर कांहीं हिरव्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या असत. पांढऱ्या पानांतील लवकांत हरितद्रव्य नव्हतें. कोरेन्सनें एका फांदीच्या फुलावरील पराग दुसऱ्या फांदीच्या फुलास लावून बीं धरिलें, व १९०९ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. हिरव्या फांदीवर धरलेल्या बियांपासून हिरवींच रोपें आलीं. पराग पांढऱ्या फांदीचा असला तरी फरक पडला नाहीं. पांढऱ्या फांदीवरील बियांपासून पांढरींच रोपें उगवलीं, व स्वतःचें अन्न करतां येत नसल्यामुळें तीं थोड्याच दिवसांत मेलीं. ठिपक्यांच्या फांदीवरील बियांपासून तिन्ही प्रकारचीं रोपें निघालीं. बीं कोणत्या फांदीवर धरलें, एवढ्याच गोष्टीवर सर्व अवलंबून होतें. परागाचें, म्हणजे बापाचें, येथें कांहीं चाललें नाहीं. मेंडेलचे नियम १९०० सालीं पुन्हां उजेडांत आणणाऱ्या विद्वानांत हाच कोरेन्स होता. त्यानेंच नऊ वर्षांनीं त्या नियमांबाहेरचें हें उदाहरण दाखविलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

यावर कोणी सहज म्हणेल, “यांत नवल तें काय? फुलांतील अंडपेशी मोठी, तिच्यांत आईचीं लवकें भरलेलीं. परागांतून येणारी नरपेशी अगदीं लहान. ज्याच्या गाठोड्यांत जागाच नाहीं, तो काय देणार?” हें म्हणणें वरवर पटण्यासारखें आहे. तें खरें कीं खोटें, हें पाहण्यासाठीं असा जीव हवा कीं, ज्यांत आईबापांच्या पेशी अगदीं सारख्या आकाराच्या असतील. असा जीव शैवालांत सांपडला.

त्याचें नांव क्लॅमिडोमोनस. तें एका पेशीचें शैवाल असून डबक्यांत व ओल्या मातींत राहतें. त्याची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढी असते. त्यास पुढें चाबकासारखे दोन केस असतात, व त्यांच्या योगें तें पोहतें. त्याच्या पोटांत वाटीच्या आकाराचें एकच मोठें हरितलवक असतें. पाण्यांत नत्राचें अन्न पुरेसें असेपर्यंत एकाचे दोन, दोहोंचे चार अशी त्याची वाढ होते. नत्र संपलें म्हणजे मात्र दोन पेशी जवळ येऊन एकरूप होतात. त्यांस नर व मादी म्हणतां येत नाहीं, कारण दोन्ही दिसावयास सारख्याच. म्हणून शास्त्रज्ञांनीं एका कुळास ‘धन’ व दुसऱ्यास ‘ऋण’ अशीं नांवें दिलीं आहेत. धनाचा संयोग ऋणाशींच होतो. संयोगानंतर जाड कवचाची एक पेशी बनते, व अनुकूल काळ आला कीं तिच्यांतून चार पिलें बाहेर पडतात.

या चार पिलांमुळें वारशाचा हिशोब फार सोपा होतो. मेंडेलच्या नियमानें चालणारा गुण आईबापांपैकीं एकांतच असेल, तर चारांपैकीं दोन पिलांत तो उतरतो व दोहोंत उतरत नाहीं. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत काम करणाऱ्या रूथ सेगर या विदुषीनें अशा हिशोबास स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची जोड दिली. क्षयरोगावर उपयोगी पडलेलें हें औषध क्लॅमिडोमोनसलाही मारक आहे. परंतु त्याच्यांत न मरणारे कांहीं वाण तिला मिळाले. त्यांपैकीं एका वाणाचा गुण नियमाप्रमाणें दोन पिलांस मिळे. दुसऱ्या वाणाचें वर्तन मात्र अगदीं निराळें होतें. औषधास दाद न देणारी पेशी धन कुळांतील असली, तर चारही पिलें औषधास दाद देत नसत. तीच पेशी ऋण कुळांतील असली, तर चारही पिलें औषधानें मरत. हा निष्कर्ष सेगरनें १९५४ सालीं प्रसिद्ध केला. दोन्ही पेशी सारख्या मोठ्या, दोघींचीं हरितलवकें सारखीं मोठीं, तरी वारसा एकीचाच. गाठोड्याच्या आकाराची सबब येथें चालण्यासारखी नव्हती.

हा वारसा कशाच्या द्वारें जातो, हें पुढें कळलें. सजीवांचे आनुवंशिक गुण ज्या द्रव्यांत लिहिलेले असतात त्यास डी. एन. ए. म्हणतात, व त्याचा मुख्य सांठा पेशीच्या केंद्रकांत असतो. क्लॅमिडोमोनसच्या हरितलवकांत तशाच द्रव्याचे धागे असल्याचें १९६२ सालीं सूक्ष्मदर्शकांत दिसून आलें, व १९६३ सालीं सेगर आणि इशिदा यांनीं तें द्रव्य लवकांतून वेगळें काढून दाखविलें. म्हणजे केंद्रकांतील पोथीखेरीज हरितलवकांत एक निराळी लहान पोथी आहे. तिच्यांत सुमारे दोन लक्ष अक्षरें व शंभराच्या आसपास जनुकें आहेत, आणि एका पेशींत तिच्या सुमारें ऐंशी प्रती असतात.

हिरव्या पिशवीस स्वतःची पोथी कां असावी? याचें उत्तर उजनीच्या फुगवट्यांतच पोहत असतें. पाणी हिरवें करणाऱ्या जीवांत एक वर्ग नील-हरित जीवाणूंचा असतो. त्यांना लोक शेवाळच म्हणतात. परंतु त्यांच्या पेशींत केंद्रक नसतें व हरितलवकही नसतें. सबंध जीवाणूच एखाद्या हरितलवकासारखा असतो. अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीं अशा जातीचा एक जीवाणु दुसऱ्या मोठ्या पेशींत शिरला, तेथें न पचतां राहिला, व त्याच्या वंशजांचीं हरितलवकें झालीं. ही कल्पना रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यानें १९०५ सालीं मांडली. पुढें लिन मार्ग्युलिस या अमेरिकन विदुषीनें १९६७ सालीं तिचा जोरानें पुरस्कार केला, व आज ती सर्वमान्य झाली आहे. जीवाणूंस मारणारें स्ट्रेप्टोमायसिन हरितलवकास कां बाधतें, याचा उलगडाही यांतच होतो. जुन्या नात्याची ती खूण आहे. स्वतंत्र नील-हरित जीवाणूंत जनुकें हजारांनीं मोजावीं लागतात. लवकाकडे त्यांपैकीं थोडींच उरलीं. पुष्कळशीं केंद्रकांत गेलीं, व बाकीचीं नाहींशीं झालीं. तात्पर्य, हरितलवक हा घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला आश्रित असून त्याचें थोडें दफ्तर अजून त्याच्याच जवळ आहे.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. दोन सारख्या पेशी एक झाल्यावर ऋण पेशीच्या पोथीचें होतें काय? जपानांतील कुरोइवा व त्यांचे सहकारी यांनीं डी. एन. ए. चमकविणारा रंग देऊन ही क्रिया पाहिली, व १९८२ सालीं तिचें वर्णन दिलें. संयोगाच्या वेळीं दोन्ही लवकांत चमकणारे ठिपके दिसत होते. तासाभराच्या आंतच ऋण पेशीच्या लवकांतील ठिपके नाहींसे झाले; धन पेशीचे जसेच्या तसे राहिले. दोन्ही लवकें एकमेकांत मिसळण्यापूर्वींच हें घडलें. यावरून दिसतें कीं, बापाचा वारसा वाटेंत हरवत नाहीं किंवा गर्दींत बुडून जात नाहीं. तो पोंचतो, आणि पोंचल्यावर बुद्ध्या पुसून टाकावा तसा नष्ट केला जातो. आमच्या मतें या विषयांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होय.

येथें ‘आई’ या शब्दाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. ज्या कुळाचें हरितलवक पुढें चालतें त्या धन कुळास आई म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु तो केवळ सोयीचा. पेशींत श्वसनाचें काम करणाऱ्या तंतुकणिका नांवाच्या दुसऱ्या पिशव्या असतात, व त्यांतही निराळें डी. एन. ए. असतें. क्लॅमिडोमोनसमध्यें तें मात्र ऋण कुळाकडून येतें! म्हणजे हरितलवकाची जी आई, ती तंतुकणिकेची आई नव्हे. मनुष्यजातींत तंतुकणिकांचा वारसा आईकडूनच येतो, म्हणून शैवालांतही तसेंच असेल असें धरून चालणें धोक्याचें आहे.

चारीच्या पाण्यांत तरंगणाऱ्या तंतुमय शेवाळांत हाच प्रकार थोड्या निराळ्या रूपानें दिसतो. त्यांतील स्पायरोगायरा नांवाच्या जातीच्या पेशींत हरितलवक हिरव्या फितीसारखें असून मळसूत्राप्रमाणें गुंडाळलेलें असतें. प्रतिकूल काळांत दोन तंतु शेजारीं येतात, त्यांच्या पेशींमध्यें शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें नळ्या तयार होतात, व एका तंतूंतील पेशींचा ऐवज त्या नळ्यांतून दुसऱ्या तंतूंत जातो. जो ऐवज जातो तो नर व जो जागेवर राहून त्याचा स्वीकार करितो ती मादी, असें मानितात. दोहोंच्या संयोगानंतर नराची हिरवी फीत झिजून नाहींशी होते व मादीची राहते. साध्या शालेय सूक्ष्मदर्शकांतही ती शिडी पाहतां येते. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं संथ डबक्यांतील शेवाळ बाटलींत आणून ती अवश्य शोधावी.

हा नियम सर्वत्र अबाधित आहे असें मात्र कोणी समजूं नये. क्लॅमिडोमोनसमध्येंच क्वचित् दोन्ही कुळांच्या पोथ्या पिलांत उतरतात. आणि धन पेशींवर संयोगापूर्वीं अतिनील किरण सोडल्यास असे अपवाद पुष्कळ वाढतात, असें सेगर व तिची सहकारी रमानिस यांनीं १९६७ सालीं दाखविलें. घरोघरीं कुंड्यांत लाविल्या जाणाऱ्या जिरॅनियमच्या जातींत लवकें आईबाप दोघांकडूनही येतात, हें एर्विन बाऊर यानें कोरेन्सच्याच वर्षीं, म्हणजे १९०९ सालीं, सांगितलें होतें. देवदार, चीड इत्यादि वृक्षांत तर हरितलवक बापाकडून येतें. म्हणून खरा नियम ‘आईकडून’ असा नसून ‘बहुधा एकाच बाजूकडून’ असा आहे. ती बाजू पुष्कळ वनस्पतींत आईची असते, इतकेंच. एकच बाजू कां, याविषयीं विद्वानांचा तर्क असा आहे कीं, दोन भिन्न वंशांचीं लवकें एका पेशींत नांदूं लागलीं तर त्यांच्यांत चढाओढ लागून पेशीचें नुकसान होईल. एका घरांत दोन कारभारी नसावेत, तसाच हा प्रकार.

इतकें वाचून कोणी शेतकरी विचारील, “यांत माझ्या कामाचें काय?” त्याचें उत्तर उंसाच्या व मक्याच्या शेतांतच आहे. तणनाशकांपैकीं ॲट्राझीन हें नांव शेतकऱ्यांस परिचित आहे. तें हरितलवकांतील एका प्रथिनास चिकटून प्रकाशापासून अन्न करण्याचें काम बंद पाडतें. तें प्रथिन लवकाच्या स्वतःच्या पोथींत लिहिलेलें असतें. त्या पोथींत एका ठिकाणीं एकच अक्षर बदललें तर औषध चिकटत नाहीं, व तण मरत नाहीं. या वर्गांतील औषधांस दाद न देणारें तण अमेरिकेच्या वॉशिंग्टन संस्थानांत आढळल्याचें १९७० सालीं प्रसिद्ध झालें. पुढें १९८३ सालीं आपल्या माठाच्या जवळच्या नात्यांतील एका तणांत हा अक्षरबदल नक्की ओळखला गेला, व लागलीच क्लॅमिडोमोनसमध्येंही त्याच जागीं तसाच बदल आढळला. डबक्यांतील एक पेशीचें शैवाल व शेतांतील तण यांचें दुखणें एकच निघालें.

कॅनडांत मोहरीच्या कुळांतील अशा तणावर प्रयोग झाले, तेव्हां १९७८ सालीं असें दिसलें कीं, हा गुण आईकडूनच उतरतो. तेथील शोधकांनीं या गोष्टीचा उपयोगही करून घेतला. त्या तणास आई करून व पिकाच्या जातीचा पराग पुनःपुन्हां देऊन त्यांनीं औषधास न जुमानणारी मोहरीवर्गीय तेलबियांची जात तयार केली. बापाचे सर्व गुण येत गेले, परंतु हरितलवक तणाचेंच राहिलें. त्याची किंमतही द्यावी लागली. बदललेलें प्रथिन आपलें काम मंद गतीनें करितें, म्हणून त्या जातीचें उत्पन्न कमी येतें.

यावरून आपल्या भागास एक व्यवहाराचा धडा मिळतो. ज्या तणाची प्रतिकारशक्ति हरितलवकांत आहे, त्याचा पराग वाऱ्यानें शेजारच्या रानांत गेला तरी तेथील तणास ती शक्ति बहुधा देऊं शकत नाहीं. ती शक्ति पसरते बियांच्या द्वारें. बीं मात्र चारीच्या पाण्यांतून, शेणखतांतून, नांगराच्या व यंत्रांच्या मातींतून कोसच्या कोस जातें. आणि माठाच्या जातीचें एक झाड हजारों बिया धरितें. तेव्हां फवाऱ्यांतून वांचलेलें एखादें तण बांधावर किंवा चारीच्या कांठीं हिरवें उभें दिसल्यास, तें फुलावर येण्यापूर्वींच खुरप्यानें काढावें. तें एक झाड म्हणजे पुढील सर्व पिढ्यांची आई होय. केंद्रकांत लिहिलेली प्रतिकारशक्ति परागानेंही पसरूं शकते, म्हणून हा धडा सर्व तणनाशकांस सरसकट लागू नाहीं. परंतु बीं धरण्यापूर्वीं तण काढण्याचा जुना रिवाज दोन्ही प्रसंगीं हिताचाच ठरतो.

ज्या शेवाळावरून पाय घसरतो म्हणून आपण त्यास नांवें ठेवितों, त्यानें मेंडेलच्या नियमाची मर्यादा दाखवून दिली व शेतकऱ्याच्या खुरप्याचें महत्त्वही सिद्ध केलें. उंसाची गोडी, गुलबक्षीची पानें व चारीचें शेवाळ या तिघांच्या मुळाशीं एकच हिरवा आश्रित आहे, आणि तो बहुधा एकाच बाजूचा हात धरून एका पिढींतून दुसऱ्या पिढींत येत आहे. कालव्याच्या कांठीं जातांना आमच्या वाचकांनीं त्या बुळबुळीत पुंजक्याकडे एकदां तरी जिज्ञासेनें पाहावें, इतकीच आमची विनंती आहे.